दुसरा डोळा

पहिला डोळा काढून झाला आणि मनस्वीचं ठरलं. एमबीए करायचं नाय. आता दुसरा काढायचा, ब्रश धुवायचा आणि बाहेर जाऊन हरेशदादाला तोंडावर सांगायचं.

हरेशदादा म्हणजे रोह्याच्या मावशीचा मुलगा. आधी इंजिनियर, मग एमबीए, आणि आता एका शोरूममध्ये मोटारसायकली विकतो. विकतो म्हणायचं नाय हां, 'टीम हँडल करतो' म्हणायचं. टीममध्ये तो धरून दोघं. आज फॉर्मची शेवटची तारीख, म्हणून आईने त्याला पेणला बोलावून घेतलेलं. सकाळपासून गणपतीच्या कारखान्यात खुर्ची टाकून बसला होता, बुटांना माती लागू नये म्हणून पाय वर घेऊन. "मातीत कसलं आलंय करियर?" हे दोनदा बोलून झालं होतं.

मनस्वी निळ्या पडद्याच्या आत होती. डोळ्यांची आखणी पडद्याआडच व्हायची. त्याला एकांत लागतो, असं बाहेर सांगायचं. कसला एकांत नि कसलं काय! बोर्डावर नाव गुणाजींचं, तिच्या बाबांचं, आणि त्यांचा हात तीन वर्षं थरथरत होता. तेव्हापासून इथून गेलेल्या प्रत्येक गणपतीचे डोळे मनस्वीने काढलेले. घरच्यांशिवाय हे कोणाला माहीत नव्हतं, हरेशलासुद्धा नाही.

दारात टेम्पो थांबला. अष्टमी गावचे दाजी आले, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांची एकच मूर्ती न्यायची राहिली होती.

"गुणाजीशेट, झाली काय?"

"एक डोळा बाकी हाय. आत्ता जाऊन काढतो. बसा, चहा घ्या." थाप मारताना बाबांचा आवाज मात्र कधी थरथरत नसे.

हरेश मोबाइलवर फॉर्म भरत होता. "काका, कामाचा अनुभव काय टाकू? डिग्रीनंतर दोन वर्षं केलं काय तिने?"

आत मनस्वीने ब्रश टेकवायला नेला होता. दुसरा डोळा पहिल्याशी जुळवायचा तर श्वास रोखून धरावा लागतो. तिने तो रोखलेलाच होता.

बाबा दाजींकडे बघून हसले. "कसला अनुभव रे! इंजिनियर झाली नि घरी बसलेय. मला रंग कालवून देते, तेवढंच. तो पण कधी पातळ, कधी घट्ट. डोळ्यांच्या कामात तिला कोण घेतंय?"

"या कामात पोरींचा हात बसत नाय," दाजी म्हणाले.

"मग शून्य टाकतो," हरेश म्हणाला.

मनस्वीच्या अंगाची लाहीलाही झाली. थाप दाजींसाठी होती, हे तिला कळत होतं. पण पातळ नि घट्ट? ते कोणासाठी?

पडदा सरकला. तिने मूर्ती दोन्ही हातांनी उचलून आणली आणि दाजींसमोर टेबलावर ठेवली. एक डोळा असा, की बघणाऱ्याचे हात आपोआप जुळावेत. दुसरा पांढराफटक. मग आतून रंगाची वाटी आणि ब्रश आणून तिने बाबांपुढे ठेवला.

"हरेशदादा, पाठव तो फॉर्म. शून्यच राहू दे. मी जातेय."

"अगो, ऐक गो, मी आपलं..." बाबा धडपडत उठले.

"रंग कालवलाय, बाबा. बघून घ्या. पातळ नाय, घट्ट पण नाय."

ती दारातल्या नळाकडे गेली.

दाजींनी खुर्ची पुढे ओढली. "काढा, गुणाजीशेट. पंधरा वर्षं तुमचा हात बघायचा राहिलाय."

गुणाजींनी ब्रश बुडवला आणि मूर्तीजवळ नेला. टोकावरचा काळा थेंब हलायला लागला. दाजी बराच वेळ त्या थेंबाकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली, आणि नळावर बोटांचा काळा रंग घासून काढणाऱ्या मनस्वीकडे बघितलं.