सदतीस तक्रारी

"उघडली का फाईल?" अकीलचाचांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"उघडली," योगिनी म्हणाली. अकरा वर्षं जुनी सीडी तिच्या लॅपटॉपवर अजून चालत होती, याचंच तिला नवल वाटलं.

सोनाळ्यातलं कॉम्प्युटरचं पहिलं दुकान ते चाचांचं हेच. शालिग्रामची पोर योगिनी इथंच टायपिंग शिकली. सायराचाचीनं कॉम्प्युटरवर घालायला झालरीचं आच्छादन शिवलं होतं. लाईट गेली की सगळी पोरं ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायची. ते दिवस आठवले की तिला अजून भरून यायचं. आता त्या जागी कांद्याचे रिकामे कट्टे रचलेले होते.

दोन हजार आठ साली बीटी कपाशीचं बियाणं फसलं. गावातल्या सदतीस जणांच्या तक्रारी चाचांनी टाईप करून सीडीवर संग्रामपूरच्या एका तक्रार केंद्रात दिल्या; एक सीडी स्वतःजवळ ठेवली. तीन महिन्यांनी त्यांच्या नावे पत्र आलं: सोनाळ्याची तक्रार एकही नाही. तोवर पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. पाहणी करायची कशाची? गाव म्हणालं, अकीलनं बियाणेवाल्याचे पैसे खाल्ले. सगळ्यात मोठ्यानं शालिग्राम म्हणाला. चाचांनी वाद घातला नाही. चौकातल्या चहाला जाणं तेवढं सोडलं.

"आधी केंद्राच्या स्कीमाशी, म्हंजे त्यायनं ठरवलेल्या नमुन्याशी, ताडून पाहतो," योगिनी म्हणाली. पडद्यावर हिरवी खूण आली. "फाईल बिनचूक हाये, चाचा."

"मले माहीत हाये."

"आता त्यायनं शोधलं तसंच शोधू. शून्य येईन, पाहा."

तिनं 'तक्रार' शोधलं. शून्य आलं. चाचांचा चेहरा उतरला.

"घाबरू नका. तुम्ही पहिल्याच ओळीत डिफॉल्ट नेमस्पेस लिहिली. घराचं नाव एकदा दारावर लावलं, की आतल्या साऱ्या तक्रारी त्याच घरच्या. शोधणाऱ्यानं घराचं नावच नाही सांगतलं, नुसतं 'तक्रार' म्हणलं. मंग मशीन म्हणते, असं कोणी इथं राह्यतच नाही."

तिनं नेमस्पेस जोडून पुन्हा शोधलं.

सदतीस. शालिग्राम, झुंबरबाई, उकंडराव, मोतीराम... नावं भराभर उतरत गेली. चोर सोडून संन्याशालाच फाशी झाली होती. चाचा एकेक नाव बोट ठेवून वाचत राहिले. त्यांचे डोळे पाणावले.

"मी हे छापून आणतो. चौकात लावू," योगिनी म्हणाली. मग ती अडखळली. "आन् शोधणारं कोण होतं, तेही खाली लिहितो. चाचा, तेच सांगाले आली मी पुण्याहून..."

"काही लिहू नको," चाचा म्हणाले. "त्या पत्राखाली तुही सही व्हती, पोरी. त्या केंद्रात तवा नवी नोकरी व्हती तुही. म्हणून तर म्या ते कोणालेच दाखवलं नाही."