होडीचा सिनेमा

टॉर्चचा उजेड पायापुरता धरून ती स्क्रीन पाचमध्ये शिरली. दर अर्ध्या तासाला प्रत्येक स्क्रीनमध्ये एक फेरी मारायची, चित्र, आवाज, गारवा ठीक आहे ना ते बघायचं आणि दाराजवळच्या कागदावर खुणा करायच्या, हे तिचं काम. तिने तीन खुणा केल्या आणि भराभर पायऱ्या चढत शेवटच्या रांगेचा कोपरा गाठला. जेवणाच्या सुट्टीची वीस मिनिटं आता सुरू झाली होती.

"आलीस बाई एकदाची," सासूबाई कुजबुजल्या. "ही ठमाबाई माझं बोट चावून संपवणार होती."

पाच महिन्यांची ठमाबाई आईच्या वासावर झेपावली. गणवेशाची बटणं सुटेपर्यंतही तिला धीर नव्हता. सासूबाईंनी वरून शाल टाकली. मग अंधारात नुसता चुटुचुटु आवाज येत राहिला.

बाटली ही पोरगी तोंडाला लावू द्यायची नाही. वाटी-चमचा दिसला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. स्टाफच्या खोलीत बाहेरच्यांना मनाई. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला कोण अडवणार? म्हणून गेले तीन आठवडे सासूबाई नातीला घेऊन दुपारी एकच्या शोला येत होत्या. सिनेमाही असा गुणी, की त्यात कुणी ओरडत नव्हतं की काही फुटत नव्हतं. एक म्हातारा समुद्रकाठी बसून होडी रंगवत होता, बस. लाटांच्या आवाजात बाळ पिता पिता झोपून जायचं आणि मध्यंतराला आजी-नात घरी निघायच्या. सिनेमा साफ पडला होता. पुढे कुठेतरी चार-दोन डोकी दिसत, पण या कोपऱ्याच्या आसपास कधी कुणी बसायला आलं नाही. आपलं नशीब, असं ती मनात म्हणायची.

"उद्या शुक्रवार," ती म्हणाली. "उद्यापासून इथे तो मारामारीचा लागणार. पोस्टरवरच तीन गाड्या पेटल्यात."

"अगं, हिच्या कानठळ्या बसतील!"

"म्हणूनच म्हणते, आई. आज सरांना सांगून टाकते. नोकरी सोडते मी."

सासूबाईंनी शाल पुन्हा सारखी केली. पहिल्या दिवशी हा गणवेश घालून सून आरशासमोर किती वेळ उभी होती, ते त्यांनी दाराआडून पाहिलं होतं.

पडद्यावर म्हाताऱ्याने ब्रश बुडवला.

"आणि ह्याचं अजून रंगवणंच चाललंय," त्या फणकारल्या. "माझ्या हाती दिली असती तर परवाच वाळून तयार असती. शेवटी होडी पाण्यात जाते का नाही, तेवढं तरी सांग. तू जातेस ना दार उघडायला शेवटी. मी आपली कायम अर्ध्यावर."

ती सांगणार, तोच खाली दार करकरलं. दुसरा टॉर्च. मॅनेजर.

उजेड पायऱ्या चढत वर आला आणि दोन पायऱ्या अलीकडेच विझला. त्यांनी चटकन पाठ फिरवली आणि पडद्याकडे तोंड करून उभे राहिले.

"सर, सुट्टी आहे माझी," ती घाईने म्हणाली. "सहा मिनिटं उरलीत अजून."

"असू दे." त्यांच्या हातात एक कागद होता. "कॉम्प्युटर म्हणतो, तुमच्या शेजारच्या दोन आणि पुढच्या तीन खुर्च्या विकल्या गेल्यात. आजच नाही, रोज. मला तर कुणी दिसत नाही."

तिने आजूबाजूला पाहिलं. पाच खुर्च्या, पाचही मिटलेल्या.

"मला काही माहीत नाही, सर. खरंच."

"तुम्हाला कळू द्यायचंच नव्हतं त्यांना." मॅनेजर पडद्याशीच बोलत होते. "स्टाफला महिन्याला चार तिकिटं फुकट मिळतात ना, ती सगळ्यांनी इथे घातलीत. पाळ्या लावल्यात चक्क. आज शेजारची पॉपकॉर्नवाल्याची, पलीकडची तिकीट खिडकीवरच्या पोरीची. पुढच्या दोन सफाईच्या मावशींच्या. तुमच्याजवळ कुणी परकं येऊन बसू नये म्हणून."

मावशी. आदल्याच आठवड्यात त्या सगळ्यांना सांगत होत्या, मारामारीच्या सिनेमाला पहिल्या दिवशी पहिल्या शोला जाणार, चारही तिकिटं राखून ठेवलीत.

"या झाल्या चार," सासूबाई म्हणाल्या. "आणि पाचवी?"

मॅनेजर खाकरले. "मलाही मिळतात, आजी."

त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली.

"हेड ऑफिसला मात्र एवढंच दिसतं," ते म्हणाले, "की पडेल सिनेमा, पण एकच्या शोला खुर्च्या भरतायत. मघाशी फोन आला. म्हणाले, हा शो आणखी एक आठवडा चालू द्या. गाड्या जाळायच्या त्या स्क्रीन दोनमध्ये जाळू. पुढचं पुढे बघू."

ते उतरू लागले. दाराशी टॉर्च पेटवून त्यांनी कागदावर खुणा केल्या. चित्र. गारवा. आवाजापाशी जरा थांबले आणि बाहेर गेले. मिनिटभराने लाटा हळू झाल्या.

ठमाबाईची पकड सुटली होती. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब. सून त्या पाच मिटलेल्या खुर्च्यांकडे एकेक करून बघत होती. जणू तिथे कुणी बसलंय आणि उगाच मान वळवून बघत नाहीये. मग तिने बाळाच्या टोपड्याने डोळे टिपले, बटणं लावली आणि झोपलेलं गाठोडं सासूबाईंच्या मांडीवर दिलं.

"काय विचारत होता, आई? होडी ना? शेवटी ती होडी..."

"गप," सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "सांगू नकोस आता. आठवडा आहे अजून."