उभ्यानं

चेपलेली स्टीलची वाटी.

भिंतीवरून ओघळणारं वरण.

बालवाडीच्या विनयाताईंचं कालचं वाक्य : "वैष्णवी दिवसभर पोपटासारखी बोलते हो."

सन ब्याण्णव. उसाचा हंगाम. दिवसपाळी नुकतीच सुटलेली.

"वाचा बसली काय गं तुझी?"

बिरदेव ओरडत होता. समोर त्याची चार वर्षांची पोरगी, वैष्णवी. प्रश्न साधा होता : सायकलची चावी कुठं ठेवलीस? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वाटी भिंतीवर गेली.

बालवाडीत बोलते. आईशी बोलते. शेजारच्या करडाशीसुद्धा बोलते. बापासमोर मुकी. हा माज आज उतरवायचाच. त्याने कमरेचा पट्टा काढला.

त्याची बायको फुला मध्ये आली. या घरात तीही मोठ्यानंच बोलायची. "ताईंनी काय सांगितलं काल? उभ्यानं वरडू नका. खाली बसा, तिच्या तोंडासमोर या, मग इचारा."

"मेंढरं बी उभ्यानंच वळली आमी. त्यांच्याम्होरं कोण बसलं न्हाय."

"ती मेंढरू न्हाय."

"बसतो! तुझ्या ताईचा बी मान ठिवतो!" बिरदेव दाणकन चवड्यावर बसला. पट्टा हातातच. "बसलो बघ. बोल आता, न्हायतर सालटं काढतो."

तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं.

कारखान्यात तो ऊस पिळणाऱ्या रोलरवर होता. कित्येक हंगाम. तिथल्या आवाजात कुणाचा शब्द कळत नाही. माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून काम करतात. त्याची नजर सवयीनं तिच्या ओठांवर गेली.

ओठ हलत होते.

खिडकीत हाय.

पुन्हा हलले. खिडकीत हाय. आवाज नव्हता. म्हणजे त्याला तरी नव्हता.

"फुले... ही बोलतीया?"

"मगाधरनं बोलतीया!" फुला किंचाळली. "दर वक्ताला सांगितलं तिनं. तुमी वरडला की तिचा आवाज बारीक व्हतो. मला वाटायचं, ऐकून बी मारताय!"

त्याच्या हातातला पट्टा खाली पडला. तो कुणीच उचलला नाही.

वैष्णवीचा पहिला शब्द बापाला मारलेली हाक होती : 'आबा'. तेव्हा ती दीड वर्षाची होती, संक्रांत होती, आणि ती बिरदेवच्या मांडीवर, त्याच्याकडे पाठ करून बसली होती.