आवाज अधिक आवाज

आवाजात तसाच दुसरा आवाज उलटा मिसळला की उरते शांतता, हे फिजिक्सच्या सरांचं वाक्य बारावीतल्या भाविकाला काही केल्या पटेना. भिवंडीत एका पॉवरलूमशेजारी दुसरा लूम लावला तर दुप्पट बोंब होते. गप्प कोण बसतंय? पण उद्या तोंडी परीक्षा, आणि मागच्या खेपेला ती याच प्रश्नावर आपटली होती.

"मोठ्यानं पाठ कर गं," आई स्वयंपाकघरातून ओरडली. "मला कळू दे, झोपली न्हायस ते."

भाविका भिंतीकडे तोंड करून चिडचिडत घोकू लागली. आणि मध्येच तिचा आवाज गेला. बाहेरचे लूम खडखडत होते, तिचे ओठ हलत होते, हात लावला तर घसाही थरथरत होता. फक्त तिचा शब्द तेवढा ऐकू येत नव्हता.

"झोपलीस ना, म्हशे?"

"न्हाय गं आई, जागी हाय!" ती जीव खाऊन ओरडली. तेही ऐकू आलं नाही.

वैतागून तिनं तोंड घट्ट मिटलं.

तेव्हा तिचा आवाज ऐकू आला. अगदी कानाशी, एक शब्द न चुकता, पाठ चालूच होता.

"हां, आता कशी!" आई खूश झाली. "थांबू नकोस."