आधी कोण

“चौघांपैकी आधी कोण?” बाईंनी विचारलं. सकाळपासून नवव्यांदा.

नर्सिंग कॉलेजच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत चार खाटा होत्या. खाटांवर रबरी पुतळे, पायथ्याशी तक्ते. एकाला ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर गोळी हवी होती. दुसऱ्याची इन्सुलिनची वेळ झाली होती. तिसऱ्याला घरी जायची घाई. चौथ्याचा श्वास मिनिटाला चौतीस, ओठ निळे, असं तक्त्यावर लिहिलेलं होतं. आठ जणींनी चौथी खाट सांगितली होती आणि आठही जणी पास झाल्या होत्या.

नववी मुलगी मागच्या वर्षी याच खोलीत नापास झाली होती. या खेपेला गेली की कॉलेजातून नाव कटणार होतं. तिने चारही तक्ते वाचले, उत्तर द्यायला बाईंकडे वळली आणि बघतच राहिली. पंखा फुल्ल असूनही बाईंच्या कपाळावर घाम होता. चेहरा राखेसारखा झालेला. डावा हात मांडीवर तसाच पडलेला, उजव्या हाताने त्या जबडा चोळत होत्या.

“मॅडम, आधी तुम्ही.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “लाडीगोडी लावून पास होता येत नाही इथे.”

“तसं नाही मॅडम. हात कधीपासून दुखतोय?”

प्रश्न इतका सरळ होता, की बाईंच्या तोंडून उत्तर निघून गेलं. “सकाळपासून. पित्त आहे ते.”

मुलीने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. हात गार, ओला. नाडी धावत होती आणि मध्येच ठेचकाळत होती. बाईंनी हात सोडवून घेतला.

“माझा तक्ता लावलाय का कुठे? तुझी वेळ संपली.” त्यांनी कागदावर शून्य मांडलं. मग आवाज जरा खाली आला. “एकच उरलीये. तिचं उरकलं की जाते डॉक्टरांकडे. पाठव तिला.”

दाराबाहेर वर्गात पहिली येणारी मुलगी उभी होती, ओठांतल्या ओठांत उजळणी करत. “मॅडमना बरं नाहीये. लक्ष ठेव,” नापास मुलगी तिला म्हणाली. तिने मान डोलावली आणि गणवेश नीट करत आत गेली.

नापास मुलगी अंगण ओलांडून हॉस्पिटलच्या इमारतीकडे पळत सुटली. अपघात विभागात डॉक्टर कुणाला तरी टाके घालत होते. घाम, जबडा, डावा हात, अडखळणारी नाडी. बाईंनी शिकवलेल्या क्रमाने तिने सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरांनी टाके सहकाऱ्यावर सोपवले. ते आणि ती स्ट्रेचर ढकलत घेऊन आले. तरी दहा मिनिटं गेलीच.

खोलीत पहिली येणारी मुलगी चौथ्या खाटेपाशी ताठ उभी होती, बाईंच्या टेबलाकडे पाठ करून. पुतळ्याची उशी उंच केलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी नीट लावलेली. तिच्यामागे बाईंचा गाल मार्कांच्या कागदावर टेकला होता. पेन फरशीवर पडलं होतं. डोळे उघडे होते आणि पापणी हलत नव्हती.

स्ट्रेचर दाराला धडकलं तशी मुलगी मागे न बघता हळू आवाजात म्हणाली, “जरा बाहेर थांबा ना. मॅडम माझे मार्क मांडतायत.”