चेहऱ्यावरच्या रेघा

"चाळीस माणसं आली होती, आणि रेघा नेमक्या ह्या मायलेकींच्याच तोंडावर?" विद्याधरकाकांनी टेबलावर मूठ आपटली, तसा स्पीकर आडवा झाला. अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये शेजारची ज्ञानदा त्यांच्या लेकीच्या, इलाच्या वाढदिवसाची टेप कॉम्प्युटरवर एडिट करत होती. डीव्हीडी नाशिकला आजी-आजोबांकडे जायची होती.

"कॅमेरा ठीक आहे, काका. जे फास्ट हलतं त्याच्यावरच अशा रेघा येतात. डीइंटरलेस फिल्टर लावला की जातील."

"पण हलायचं कशाला?" काका जिन्याकडे बघून ओरडले. "नलिनी! नीट उभं राहायला सांगितलं होतं ना? दोघींना एकेक ठेवूनच द्यायला हवी!"

वरचा भांड्यांचा आवाज थांबला. काका दाणदाण पाय आपटत वर गेले.

ज्ञानदाने फ्रेम थांबवून झूम केली. हसत उभे असलेले पाहुणे अगदी स्वच्छ दिसत होते. रेघा तीनच ठिकाणी होत्या. काकांच्या उचललेल्या हातावर, डोळे मिटून मान फिरवलेल्या काकूंवर, आणि तोंडापुढे कोपर धरलेल्या सात वर्षांच्या इलावर.

वर काहीतरी फुटलं. "बाबा, स्टॉप! प्लीज!" इला किंचाळली.

ज्ञानदाने फोन उचलून ९११ दाबलं. समोर फ्रेम तशीच थांबलेली होती.



काकांच्या त्या उचललेल्या हातात इलाला भरवायचा केकचा घास होता.