देमाईची वीरगळ

"बाईची वीरगळ मी कधी घडवली नाही," पाथरवट म्हणाला आणि त्याने छिन्नी खाली ठेवली. "बाई नवऱ्यामागं सती गेली, तर चुडा भरलेला हात कोरून सतीशिळा करतात."

"माझी सून कुणामागं गेली नाही," गोमाई म्हणाली. "गावचे गडी बाजाराला गेले होते. चोर गुरं हाकून न्यायला लागले, तशी देमाई कोयता घेऊन एकटी आडवी गेली. गुरं राहिली. ती गेली."

पाथरवटाने बराच वेळ दगडावरून हात फिरवला. "खाली लढाई कोरीन. वर ती शंकराची पूजा करताना दाखवीन. पण मधे काय? वीराला स्वर्गात न्यायला अप्सरा येतात. बाईला न्यायला कोण येणार?"

इतका वेळ आईमागे मान खाली घालून उभा असलेला भानू पुढे आला. "माझ्या बायकोला कुणी न्यायला कशाला हवं?" तो म्हणाला. "तिला चालत जाऊ दे."

पुढच्या पौर्णिमेला वेशीपाशी शिळा उभी राहिली. सगळा गाव मधल्या चौकटीपुढे थबकत होता. तिथे देमाई ताठ मानेने स्वर्गाची वाट चालत होती, आणि दोन्ही बाजूंच्या अप्सरा मागे सरून तिला वाट देत होत्या.

गोमाईने लहानग्या नातीला उचलून घेतले आणि तिचा हात त्या दगडी चेहऱ्यावर ठेवला.

"ही तुझी आई," ती म्हणाली, वेशीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात.